तेरा नंबरचं भांडण

आपल्या क्रिकेटचा संघ जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी काय होतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. शाळेची घंटा व्हायच्या आत वर्गात दोन तट पडतात. घरी बाबांचा एक संघ असतो, आजोबांचा दुसरा असतो आणि शेजारचे काका तर जिन्यातच उभे राहून निवड समितीची अक्कल काढतात. निवड समितीत आपल्यापैकी कुणालाही घेतलेलं नसतं. तरी प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे अकरा गडी अगदी तयार असतात!

हे वेड फक्त आपल्याकडेच आहे असं मात्र समजू नका. आज तुम्हाला एका अशा भांडणाची हकिगत सांगायची आहे, ज्यात चार देशांचे चाहते पडले होते. भांडण होतं एका जर्सीवरून. जर्सीचा नंबर तेरा. खेळ होता रग्बी आणि साल होतं २०१३.

रग्बी आपल्याकडे फार खेळत नाहीत, म्हणून आधी थोडी तोंडओळख करून घेऊ. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात ट्राय, आणि त्याचे पाच गुण. ट्राय झाला की चेंडू लाथेने दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून घालवायची संधी मिळते. साधली तर आणखी दोन गुण. समोरच्याने नियम मोडला की पेनल्टी मिळते आणि ती खांबांमधून गेली तर तीन गुण. खेळ ऐंशी मिनिटांचा.

आता खरी मेख ऐका. साथीदाराकडे चेंडू हाताने फेकताना तो पुढे फेकायचा नाही! बाजूला नाहीतर मागेच फेकायचा. म्हणजे पुढे सरकायचं असेल तर कुणीतरी चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसलंच पाहिजे. तुमच्यातल्या कबड्डीपटूंना हे चटकन कळेल.

आणखी एक. क्रिकेटमध्ये पाठीवरचा आकडा खेळाडू आपल्या आवडीने घेतो. रग्बीत आकडा म्हणजे जागा. १ ते ८ हे रेटारेटी करणारे दांडगे गडी, ९ ते १५ हे पळणारे, फेकणारे, लाथ मारणारे. मैदानाच्या मध्यात १२ आणि १३ ही जोडी असते. त्यांना सेंटर म्हणतात. बचाव करताना १३ नंबरची जागा मोठी अवघड. समोरून हल्ला आला की पुढे धावून अडवायचं की थांबून वाट बघायची, हे त्याने क्षणात ठरवायचं असतं. तो चुकला की त्याच्या बाहेरची सगळी रांग चुकते.

तर या १३ नंबरवर एक माणूस कित्येक वर्षं पाय रोवून उभा होता. त्याचं नाव ब्रायन ओ'ड्रिस्कॉल, देश आयर्लंड.

पण थांबा. आपली हकिगत आयर्लंडच्या संघाची नाही, लायन्सची आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे एरवी एकमेकांचे हाडवैरी. दर वर्षी आपसांत खेळतात आणि हरलेल्याला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. पण दर चार वर्षांनी या चार देशांतले निवडक खेळाडू लाल जर्सी घालून एकत्र येतात आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांपैकी एका देशाच्या दौऱ्यावर जातात. हा संघ म्हणजे ब्रिटिश अँड आयरिश लायन्स. असा पहिला दौरा १८८८ साली झाला होता! जर्सीवरच्या बिल्ल्यात चारही देशांची चिन्हं असतात. कल्पना करा, मुंबई, दिल्ली, कर्नाटक आणि तमिळनाडूचा मिळून एक संघ करायचा आणि त्याचा प्रशिक्षक यांपैकीच एका संघाचा प्रशिक्षक नेमायचा. मग भांडणं व्हायला आणखी काय हवं?

२०१३ साली लायन्स ऑस्ट्रेलियाला निघाले. प्रशिक्षक होते वॉरन गॅटलंड. माणूस मूळचा न्यूझीलंडचा, पण त्या काळात वेल्सचा प्रशिक्षक. त्यांनी ३७ जणांचा ताफा निवडला. त्यात वेल्सचे १५, इंग्लंडचे १०, आयर्लंडचे ९ आणि स्कॉटलंडचे अवघे ३. कर्णधारही वेल्सचाच, सॅम वॉरबर्टन. पहिली कुजबुज तिथेच सुरू झाली. अर्थात वेल्सवाल्यांकडेही उत्तर होतं. चार देश अधिक फ्रान्स आणि इटली अशी जी सहा देशांची स्पर्धा दर वर्षी होते, ती २०१२ आणि २०१३ अशी दोन्ही वर्षं वेल्सनेच जिंकली होती. २०१३ मध्ये तर शेवटच्या सामन्यात त्यांनी इंग्लंडला ३०–३ असं लोळवलं होतं. आयर्लंड त्या वर्षी सहांत पाचवा. मग जास्त गडी कुणाचे घ्यायचे?

तीन कसोटी सामने होते. पहिला ब्रिस्बेनला, २२ जूनला. लायन्स २३–२१ असे जेमतेम जिंकले. शेवटच्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या कर्टली बील याला पेनल्टी मिळाली होती. ती गेली असती तर सामना ऑस्ट्रेलियाचा. पण लाथ मारतानाच बिचाऱ्याचा पाय घसरला! दुसरा सामना मेलबर्नला, २९ जूनला. या वेळी फासा उलटा पडला. शेवटच्या पाच मिनिटांत ट्राय करून ऑस्ट्रेलियाने १६–१५ अशी आघाडी घेतली आणि अगदी अखेरीस लायन्सच्या ली हाफपेनीची लांबवरची पेनल्टी खांबांपर्यंत पोहोचलीच नाही.

एक-एक अशी बरोबरी. तिसरा सामना ६ जुलैला सिडनीत. जो जिंकेल त्याची मालिका. लायन्सने त्याआधी मालिका जिंकली होती ती १९९७ साली, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी. त्यातच दुसऱ्या सामन्यात कर्णधार वॉरबर्टनच्या मांडीचा स्नायू दुखावला. पहिल्या सामन्यात आयर्लंडच्या पॉल ओ'कॉनेलचा हात मोडला होता. तो आधीच्या, म्हणजे २००९ च्या दौऱ्यातला कर्णधार. मग आता नेतृत्व कोण करणार? बहुतेक सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, ओ'ड्रिस्कॉल!

आणि का नसावं? वय ३४, हा त्याचा चौथा लायन्स दौरा. आयर्लंडचं कर्णधारपद त्याने वर्षानुवर्षं सांभाळलेलं. २००५ साली तो लायन्सचाही कर्णधार होता. पण पहिल्याच कसोटीच्या पहिल्या मिनिटांत न्यूझीलंडच्या दोघांनी त्याला उचलून आपटलं, खांदा निखळला आणि दौरा संपला. २००१ ला ऑस्ट्रेलियात मालिका हरले, २००५ ला न्यूझीलंडमध्ये हरले, २००९ ला दक्षिण आफ्रिकेत हरले. जिंकलेली मालिका त्याच्या नशिबी नव्हतीच. आता ही शेवटची संधी. पुढच्या दौऱ्याला तो ३८ वर्षांचा असता.

३ जुलै, बुधवार. गॅटलंडनी तिसऱ्या सामन्याचा संघ जाहीर केला. कर्णधार, वेल्सचा ॲलन विन जोन्स. १२ नंबर, वेल्सचा जेमी रॉबर्ट्स. १३ नंबर, वेल्सचा जोनाथन डेव्हिस. पंधरांपैकी दहा वेल्सचे. आयर्लंडचे तीन, इंग्लंडचे दोन. स्कॉटलंडचा पहिल्या पंधरांत एकही नाही.

आणि ओ'ड्रिस्कॉल? कर्णधारपद तर राहिलंच, पंधरांत नाही आणि राखीव आठांतही नाही. त्याला चक्क डच्चू मिळाला होता!

आयर्लंडमध्ये जो भडका उडाला तो काय वर्णावा! लायन्सकडून खेळलेला आयर्लंडचा जुना खेळाडू कीथ वुड याने ही घोडचूक आहे असं उघडपणे म्हटलं. पण नुसता आरडाओरडा झाला असं समजू नका. त्यात नीट मुद्दे मांडून केलेला वाद होता आणि तोच मला सगळ्यात मजेचा वाटतो. बघा तुम्हाला कुणाचं पटतं ते.

आयर्लंडच्या बाजूचे म्हणत होते, रॉबर्ट्स दुखापतीतून बरा होऊन परत आला, त्याला जरूर घ्या. एवढा धिप्पाड गडी, सव्वासहा फुटांहून उंच, भिंत फोडायला तोच हवा. (तो डॉक्टरकीचं शिक्षणही घेत होता आणि त्याच वर्षी डॉक्टर झाला, बरं का! अभ्यासाची सबब सांगणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पण मग बाहेर काढायचा तर डेव्हिसला काढा. कारण २००९ मध्ये रॉबर्ट्स आणि ओ'ड्रिस्कॉल हीच जोडी लायन्ससाठी खेळली होती आणि तिच्यावर सगळे खूश होते. रॉबर्ट्स तर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तयार जोडी मोडायची कशाला? शिवाय वॉरबर्टन नाही, ओ'कॉनेल नाही, मग मैदानावर चार शहाणपणाचे शब्द बोलणार कोण? आणि त्यांचा सगळ्यात तिखट मुद्दा असा की, ज्या वेल्सवर एवढा भरवसा टाकताय, ते ऑस्ट्रेलियाकडून लागोपाठ आठ सामने हरलेले आहेत!

वेल्सच्या बाजूचे म्हणत, अहो, नाव बाजूला ठेवा आणि शेवटचे दोन सामने बघा. चेंडू हातात घेऊन ओ'ड्रिस्कॉलने काय केलं? पहिल्या सामन्यात तर नियमभंगाबद्दल पंचांनी त्याला सुरुवातीलाच दोनदा पकडलं. डेव्हिस दौराभर उत्तम खेळतोय. पहिल्या दोन सामन्यांत त्याला १२ नंबरवर खेळवलं, ती त्याची जागाच नव्हे. रॉबर्ट्स १२ आणि डेव्हिस १३ ही जोडी वेल्ससाठी वर्षानुवर्षं खेळते आहे. एकाने डोळा मिचकावला तर दुसऱ्याला कळतं. तीन दिवसांत याहून चांगली जोडी कुठून आणणार?

आता या वादात एक जुनी दुखरी नसही होती. हेच गॅटलंड १९९८ ते २००१ आयर्लंडचे प्रशिक्षक होते आणि आयर्लंडने त्यांना पदावरून काढलं होतं. झालं! काही जणांनी लगेच निष्कर्ष काढला की हा त्याचाच वचपा. पण तसं म्हणणारे एक गोष्ट विसरत होते. १९९९ च्या जूनमध्ये वीस वर्षांच्या ओ'ड्रिस्कॉलला आयर्लंडच्या संघात पहिल्यांदा कुणी घेतलं? गॅटलंडनीच! आणि तो पहिला सामना ऑस्ट्रेलियाशीच होता, ब्रिस्बेनमध्ये. ज्याने पोराला दार उघडून आत घेतलं, त्यानेच चौदा वर्षांनी त्याच देशात त्याला बाहेर बसवलं. गॅटलंडनी एवढंच सांगितलं की हा निर्णय मनाने नाही, डोक्याने घेतला आहे.

मला विचाराल तर वशिल्याचा आरोप मला तेव्हाही पटला नाही. मालिका हरले असते तर लोकांनी गॅटलंडना फाडून खाल्लं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं का? स्वतःचं नाक कापून घेण्यासाठी कुणी वशिला लावत नाही. पण डेव्हिसऐवजी ओ'ड्रिस्कॉल असता तर बिघडलं काय असतं, या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही.

इकडे ऑस्ट्रेलियाचे चाहते काही शांत बसले नव्हते. त्यांचं भांडण १० नंबरवरून होतं. १० नंबर म्हणजे संघाचा सूत्रधार. कुठे फेकायचं, कुठे लाथ मारायची, ते तो ठरवतो. क्वेड कूपर हा त्या जागेवरचा हरहुन्नरी खेळाडू, पण २०१२ मध्ये त्याने संघातल्या वातावरणावर जाहीर टीका केली होती. प्रशिक्षक रॉबी डीन्स यांनी त्याला या मालिकेत घेतलंच नाही. त्याच्या जागी जेम्स ओ'कॉनर खेळला. म्हणजे बघा, एकाच सामन्याआधी दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या प्रशिक्षकावर संतापलेले!

६ जुलैची संध्याकाळ. सिडनीचं ऑलिंपिक स्टेडियम. ऐंशी हजारांहून जास्त प्रेक्षक आणि त्यांत लायन्सचे हजारो लाल कपड्यांतले चाहते, हजारो मैलांवरून आलेले. सगळ्यांचे डोळे कुठे? १२ आणि १३ नंबरवर.

आणि सामना कुणी फिरवला म्हणता? १ नंबरने!

इथे पुन्हा जरा थांबावं लागेल, कारण स्क्रम म्हणजे काय ते सांगायला हवं. चेंडू चुकून पुढे पडला किंवा असाच काही किरकोळ दोष झाला, की दोन्ही संघांचे आठ-आठ दांडगे गडी खांद्याला खांदा भिडवून, वाकून एकमेकांना रेटतात आणि मधल्या फटीत चेंडू सोडला जातो. पुढच्या फळीत १, २ आणि ३ नंबर. मागच्या पाचांचा सगळा रेटा त्यांच्यातून पुढे जातो. १ नंबरचा गडी समोरच्या ३ नंबरशी भिडतो. हे काम इतकं मानमोडं आहे आणि बाहेरून इतकं कमी दिसतं की वर्तमानपत्रात यांचा फोटो क्वचितच येतो. पण ज्याचा स्क्रम मागे हटतो त्याला चेंडू मिळत नाही, वर नियम मोडले म्हणून पेनल्टी बसते.

लायन्सचा १ नंबर होता इंग्लंडचा ॲलेक्स कॉर्बिसिएरो. जन्म न्यूयॉर्कचा. पहिल्या ३७ जणांत हा नव्हताच! त्या जागेचे निवडलेले खेळाडू जखमी होऊन परत गेले, तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या इंग्लंडच्या संघातून त्याला बोलावून घेतलं. पहिली कसोटी खेळला, मग पोटरी दुखावली म्हणून दुसरी हुकली आणि त्या दुसऱ्या सामन्यात लायन्सचा स्क्रम अडखळला. तिसऱ्याला तो परत आला. पण त्या बुधवारच्या गदारोळात याच्याबद्दल बोलायला सवड कुणाला होती?

सामना सुरू झाला. पहिलाच चेंडू ऑस्ट्रेलियाच्या विल गेनियाच्या हातून सुटला. दोन मिनिटांच्या आत कॉर्बिसिएरो चेंडू घेऊन रेषेपलीकडे पडला. ट्राय! आणि मग स्क्रमवर स्क्रम. दर वेळी ऑस्ट्रेलियाचा पुढचा कोपरा ढासळायचा. शेवटी पंच रोमँ प्वात यांनी कॉर्बिसिएरोच्या समोरच्या बेन अलेक्झांडरला पिवळं कार्ड दाखवून दहा मिनिटं बाहेर बसवलं. त्या पेनल्ट्यांवर हाफपेनी गुण टिपत गेला. बघता बघता १९–३.

ऑस्ट्रेलियाही हार मानणारा नव्हता. मध्यंतराच्या तोंडावर त्याच जेम्स ओ'कॉनरने ट्राय केला. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात फरक उरला अवघा तीन गुणांचा, १९–१६. त्या क्षणी आयर्लंडमध्ये किती जणांच्या मनात 'आम्ही सांगत होतो ना!' असं आलं असेल, विचार करा. आणि त्याच वेळी लायन्स हरावेत असंही वाटत नसणार. मोठी विचित्र पंचाईत!

पण मग लायन्स सुटले. चेंडू डेव्हिसकडून हाफपेनीकडे, हाफपेनीकडून जॉनी सेक्स्टनकडे आणि सेक्स्टन रेषेपलीकडे. हा सेक्स्टन कोण? आयर्लंडचा १० नंबर, ओ'ड्रिस्कॉलचा घरच्या क्लबमधला जोडीदार! पुढे जॉर्ज नॉर्थने ट्राय केला, शेवटचा रॉबर्ट्सने केला. लायन्स ४१, ऑस्ट्रेलिया १६. हाफपेनीचे एकट्याचे २१ गुण. सोळा वर्षांनी मालिका जिंकली. तीनच दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या डीन्सनी प्रशिक्षकपद सोडलं. मैदानावर सगळे नाचत होते, त्यांत ओ'ड्रिस्कॉलही होता. जिंकलेली मालिका अखेर त्याच्या नावावर लागली, पण शेवटचा घास दुसऱ्यांनी भरवलेला.

आता सांगा, गॅटलंड बरोबर ठरले की नाही?

वेल्सवाले म्हणाले, ४१–१६, आणखी काय पुरावा हवा? आयर्लंडवाले म्हणाले, सामना स्क्रमने जिंकला. १३ नंबरवर तुम्ही कुणालाही उभं केलं असतं तरी जिंकलाच असता! आणि त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. गणितात उत्तर तपासायला शेवटचं पान असतं. इथे तसं पान नाही. तोच सामना, तीच संध्याकाळ, फक्त १३ नंबर बदलून पुन्हा खेळवता येत नाही. निकालावरून निवड बरोबर की चूक हे ठरवायचं, तर बीलचा पाय घसरला नसता तर गॅटलंड मालिका संपायच्या आधीच मूर्ख ठरले असते!

सगळ्यांनी एका जागेकडे बघायचं आणि गोष्ट भलत्याच जागी घडायची, हा प्रकार आपल्याकडच्या क्रिकेटमध्येही झालेला आहे. तुमच्या आईबाबांना, नाहीतर आजोबांना विचारा. १९८४ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्ध दिल्लीची कसोटी आपण हरलो. शेवटच्या दिवशी कपिलदेव आणि आपला मुंबईचा संदीप पाटील बेजबाबदार फटका मारून बाद झाले, असा ठपका ठेवून पुढच्या, कलकत्त्याच्या कसोटीतून दोघांनाही वगळलं. दीड वर्षापूर्वी विश्वचषक जिंकून देणारा कपिल आणि त्याला डच्चू! ईडन गार्डनवर लोक खवळले, कपिल नाही तर कसोटी नाही असे फलक झळकले आणि सगळा राग निघाला कर्णधार सुनील गावसकरवर. कपिल पुढच्याच सामन्यात परत आला. १३१ कसोट्यांच्या आयुष्यात त्याची हुकलेली कसोटी ती एवढी एकच. पण त्या गोंधळात, वगळलेल्यांच्या जागी संघात आलेल्या एका नव्या पोराने त्याच सामन्यात ११० धावा काढल्या. त्याचं नाव मोहम्मद अझरुद्दीन. पुढच्या दोन्ही कसोट्यांतही त्याने शतकं ठोकली! कपिलसाठी रान उठलं, पण पाटीलसाठी कुणी फलक धरल्याचं फारसं ऐकिवात नाही. आणि तो मात्र पुन्हा कसोटी खेळलाच नाही. पुढे २०१२ साली तोच संदीप पाटील आपल्या निवड समितीचा अध्यक्ष झाला. ओ'ड्रिस्कॉलला वगळलं गेलं तेव्हा आपल्याकडे दुसऱ्यांना वगळायचं काम त्याच्याकडे होतं!

ओ'ड्रिस्कॉलचं पुढे काय झालं? त्याने तोंडातून वावगा शब्द काढला नाही, पण थोडी सल राहणारच हेही लपवलं नाही. नाताळची शुभेच्छापत्रं पाठवायच्या यादीत गॅटलंडचं नाव असेल असं वाटत नाही, असं तो नंतर गमतीत म्हणाला. २०१४ च्या फेब्रुवारीत डब्लिनला आयर्लंड आणि वेल्स समोरासमोर आले. एकीकडे १३ नंबरवर ओ'ड्रिस्कॉल, दुसरीकडे प्रशिक्षक गॅटलंड. आठवडाभर सगळीकडे तोच विषय. आयर्लंडने तो सामना २६–३ असा जिंकला आणि त्या वर्षीची सहा देशांची स्पर्धाही जिंकली. पॅरिसमध्ये विजेतेपद मिळवून ओ'ड्रिस्कॉल आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्त झाला.

या हकिगतीला एक शेपूट आहे. २०२५ साली लायन्स पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले. या वेळी प्रशिक्षक होते आयर्लंडच्या संघाचे प्रशिक्षक, अँडी फॅरेल. २०१३ मध्ये हेच फॅरेल गॅटलंडच्या हाताखाली बचावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी ३८ जणांचा ताफा निवडला. आयर्लंडचे किती असतील? १५! इंग्लंडचे १३, स्कॉटलंडचे ८ आणि वेल्सचे फक्त २. आता ओरडायची पाळी कुणाची होती, ते सांगायला नको. त्या दोघांतला एक जखमी होऊन परत गेला. उरला एकटा जॅक मॉर्गन. पहिल्या कसोटीच्या तेवीस जणांत त्यालाही जागा नव्हती. शंभराहून जास्त वर्षांत लायन्सच्या कसोटी संघात वेल्सचा एकही गडी नाही, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या कसोटीला, मेलबर्नमध्ये, मॉर्गन राखीव म्हणून आला. एके काळी २३–५ असे मागे पडलेले लायन्स शेवटच्या मिनिटाला आयर्लंडच्या ह्यूगो कीननच्या ट्रायमुळे २९–२६ असे जिंकले आणि मालिकाही खिशात पडली. तो ट्राय होण्याच्या जरा आधी, जमिनीवरच्या चेंडूसाठी झुंबड उडाली असताना, ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला एका लायनने धडक मारून बाजूला सारलं होतं. ती धडक नियमात बसते की नाही, हे पंचांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ट्राय दिला. ऑस्ट्रेलियाचे चाहते काही ते मानायला तयार नव्हते.

ती धडक मारणारा गडी होता जॅक मॉर्गन. वेल्समधली मंडळी त्या दिवशी काय म्हणाली असतील, हे तुम्हीच ओळखा.